हद्दीवरचा गाडा

ती केस आठवली की मला आजही आधी थकवा आठवतो आणि मग माणसं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाभावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. घरी कुणी 'एखादी केस सांगा ना' म्हटलं की त्यातलंच काहीतरी सांगतो. ही सांगत नाही, कारण ती सांगताना कुणाची बाजू घ्यावी हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आता लिहूनच टाकतो. नावं कुणाचीच घालत नाही, गावाचंही नाही. चिंताकीच्या पुढे, औराद तालुक्याच्या अगदी कडेला ते गाव आहे, एवढं पुरे.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. मी त्या भागातल्या एका ठाण्यावर अमीन होतो. फौजदाराला आमच्याकडे तेव्हा अमीन म्हणत. मी मूळचा गुलबर्ग्याकडचा. घरात मराठी, बाजारात कानडी आणि शाळा उर्दू. त्यामुळे राज्य बदललं तरी माझं काही अडलं नाही. कागद अजून उर्दूतच चालत होते. वरचे साहेब मात्र नवे होते. आमचे जिल्ह्याचे साहेब मद्रासकडून आलेले. त्यांना उर्दू येत नव्हतं आणि मला त्यांचं इंग्रजी निम्मंच कळायचं. दोघंही एकमेकांना समजल्यासारखं करायचो आणि कारभार चालायचा.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा प्रत्येक संकटाचा खातेवार मालक ठरलेला होता. गावात खून झाला, विषप्रयोग झाला, तर पाटलाने ठाण्याला कळवायचं. अशी खबर आली की अमीन स्वतः घोड्यावर बसून निघायचा आणि बीदरला साहेबांना तार जायची. यात कुणाला विचारायची गरज नव्हती. गावात रोग आला, तर पाटलाने तहसिलीला कळवायचं. तहसीलदार ते बीदरला कलेक्टरांना कळवणार, कलेक्टर सिव्हिल सर्जनला विचारणार, सिव्हिल सर्जन लस हैदराबादकडे मागणार, आणि हैदराबादवाले उलट विचारणार की रोग नक्की कोणता ते ठरलं आहे काय. तो प्रश्न मग ज्या वाटेने गेला त्याच वाटेने पायऱ्या उतरत खाली पाटलापर्यंत यायचा. या वाटेवर कुणी वाईट माणूस बसला होता असं नाही. जो तो आपली पायरी झाडून स्वच्छ ठेवत होता.

उन्हाळा सरत आला होता. सकाळी हजेरी घेऊन मी रोजनामचा लिहायला बसलो होतो. तेवढ्यात त्या गावच्या पाटलाचा माणूस धापा टाकत आला. खबर अशी की गावच्या विहिरीत कुणीतरी विष घातलं, माणसं उलट्या करून मेली, आणि घालणाऱ्याला गावाने धरून ठेवलं आहे. कोण, म्हणून विचारलं.

"पिंजारी हाय, साब. परगावचा. इहिरीवर पाणी शेंदताना धरला त्येला."

पिंजारी म्हणजे गावोगाव फिरून गाद्या-वाकळांचा कापूस पिंजून देणारा. आमच्या भागात हे लोक मुसलमान. त्या दोन वर्षांत परक्या मुसलमान माणसावर संशय घ्यायला कुणाला फार विचार करावा लागत नव्हता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं. मी पहिली खबर नोंदवली, बीदरला तार करायला सायकलवरून जवान पाठवला आणि जमादाराला व चार जवानांना घेऊन लगेच निघालो. जमावाने धरलेला माणूस आपल्या हाती जिवंत लागायचा असेल तर वेळ घालवून चालत नाही, एवढं या नोकरीने शिकवलं होतं.

गावात पोचलो तेव्हा चावडीपुढे माणसं गोळा झालेली होती. पिंजारी चावडीच्या खांबाला बांधलेला होता. म्हातारा होता, पण अंगाने काटक. तोंड सुजलं होतं. उजवा हात कुणीतरी दगडावर ठेवून दगडानेच ठेचला होता. बोटं कुठे संपतात ते कळत नव्हतं. पिंजाऱ्याचा सगळा धंदा त्या हातावर. लाकडी ठोकळ्याने धनुष्याची तात छेडायची आणि कापूस उडवायचा. ज्याने तो हात ठेचला त्याला हे ठाऊक होतं, म्हणूनच त्याने डावा सोडून उजवा निवडला.

"याला मी ताब्यात घेतलं आहे," मी मोठ्याने सांगितलं. "यापुढे कुणी हात लावला तर तो माझा आरोपी."

माणसं कुरकुरली, पण मागे सरली. जवान बंदुकीसह बाजूला उभा असला की कायदा लवकर समजतो. जमादाराने दोर सोडला, आपल्या पटक्याचं टोक फाडून हाताला गुंडाळलं. मी विहिरीवर पहारा बसवला, पाणी बाटलीत घेऊन पंचांसमोर लाखेने बंद केलं. ही बाटली हैदराबादला रासायनिक परीक्षकांकडे जायची आणि उत्तर यायला पावसाळा उलटायचा. पण पद्धत ती पद्धत.

मग चावडीत बसून पिंजाऱ्याचा जबाब घ्यायला लागलो. चोराचा जबाब घेताना मी नेहमी त्याच्या पायांकडे बघतो. तोंड सांभाळता येतं, पाय सांभाळता येत नाहीत. या माणसाचे पाय दाराकडे वळलेले होते आणि सारखे हलत होते. मला वाटलं, पळायच्या विचारात आहे.

"विहिरीवर कशाला गेला होतास?"

"पानी को, साब. बाई झाडाखाली हाय माझी. शिवेपल्याड. तिला पानी दिऊन या कुनीतरी."

"विहिरीत काय टाकलंस?"

"घडा टाकला. साब, बाई झाडाखाली हाय."

मी तऱ्हेतऱ्हेने विचारलं. दमात घेऊन विचारलं, गोडीत विचारलं. दर वेळी उत्तर त्या झाडापाशी येऊन थांबायचं. ठेचलेल्या हाताबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही. मी पाटलाला बाहेरून आत बोलावलं.

"याची बायको कुठे आहे?"

"हाय म्हनं शिवेवर. बिमार हाय."

"मग तिच्याकडे कुणी गेलं का?"

"तिकडं आपली हद्द न्हाई, सायब. त्यो जिल्हाच दुसरा हाय."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. मलाही ठाण्यात कुणी असं म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर पलीकडच्या ठाण्याला कळवायचं, असा आमचाही नियम होता. पण माणसाचे पाय दाराकडे का वळले होते ते मला आता कळलं. जमादाराला म्हटलं, घागर भरून घ्या, दुसऱ्या विहिरीची.

शीव गावापासून फार लांब नव्हती. वाटेत जमादार, जो त्याच तालुक्यातला होता, अचानक थांबला. धुळीत लहान लहान चाकांच्या दोन रेघा होत्या. बैलगाडीच्या नव्हेत, बैलाचं पाऊलही नव्हतं. रेघा गावातून निघून सरळ शिवेकडे गेल्या होत्या. जमादाराने काही न बोलता वहाणा काढून हातात घेतल्या.

पलीकडे चिंचेच्या झाडाजवळ गाडा उभा होता. हातभर उंचीचा, लाकडी, शेंदूर फासलेला. आत मरीआई, हिरव्या बांगड्या, खण, नारळाची वाटी, वर लिंबाचे डहाळे. आमच्या भागातल्या वाचकांना हा सांगायला नको. गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली की गाव वर्गणी काढून असा गाडा करतं, वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडतं आणि मागे न बघता परततं. रोग गाड्याबरोबर गेला, अशी समजूत. मग शेजारचं गाव घाबरून तोच गाडा ओढत आपल्या पुढच्या शिवेवर नेऊन ठेवतं. त्याच्या पुढचं गाव आणखी पुढे. अशा गाड्याच्या जवळ कुणी फिरकत नाही.

आणि त्याच झाडाच्या पलीकडच्या सावलीत पिंजाऱ्याची बायको पडलेली होती. वाट वाहती होती, पण गाड्यामुळे माणसं वळसा घालून जात होती. तिने हाका मारल्या असतील. डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. लहानपणी आमच्या गल्लीत पटकी पाहिली होती. जमादाराने तिच्या ओठांना घागर लावली. ती पीत गेली, ओकली, पुन्हा प्यायली. मग कानडीत एवढंच विचारलं, नवरा कुठे आहे.

मला त्या क्षणी फार राग आला होता. पण रागाबरोबर डोकंही चालू होतं. गाड्यावरचे लिंबाचे डहाळे वाळून तपकिरी झाले होते, हात लावला की पानं गळत होती. खबर आणणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे पिंजारी गावात आला काल. म्हणजे गावाला रोग कोणता ते पिंजारी येण्याच्या कितीतरी आधी पक्कं ठाऊक होतं.

बाईला न्यायला गावातून बाज मागवली. बाज आली, पण उचलायला कुणी आलं नाही. शेवटी जमादाराने आणि जवानांनीच खांदा दिला. त्यातला एक कुरकुरला की आपल्याला रोग लागेल. मी त्याला म्हटलं, लागला तर सरकारी नोकरीत लागेल, घरच्यांना काहीतरी मिळेल. तो हसला नाही. मलाही ते बोलून बरं वाटलं नाही.

परतताना मुद्दाम स्मशानाच्या बाजूने आलो. पटकीने मेलेल्याला आमच्याकडे बहुतेक पुरतात. नवे उंचवटे होते आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून प्रत्येकावर बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, टाकलेले. काही फासांची पानं हिरवी होती. काहींची पार झडून नुसते काटे राहिले होते. आता माझ्याकडे पुरावा म्हणावा असा पुरावा होता.

पाटलाला मी चावडीमागच्या ओट्यावर घेऊन गेलो, एकट्याला. जबाब चारचौघांत घेतला तर माणूस गावासाठी बोलतो, स्वतःसाठी बोलत नाही.

"पाटील, गाडा कधी काढला?"

त्याने मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"पिंजारी यायच्या आधी का नंतर?"

"आधी."

"मग विष कुठलं?"

"इष न्हाई, सायब. पटकी हाय."

"मग मला विषाची खबर कामून दिली?" माझ्याही तोंडी गावची बोली आली.

पाटलाने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमी आलात न्हवं?"

मी जबाबाची वही मिटून बाजूला ठेवली.

"मागल्या बाजारापसून तहसिलीत सांगायलोय, सायब. रोज मानूस धाडायलोय. पयल्यांदा म्हनले, किती मेले ते कळवा. कळवलं. मग म्हनले, पटकी हाय ते कोन ठरवलं, तू डाक्टर हायेस का? मग म्हनले, बीदरला कळवलंय, थांबा. थांबलाव. माझी लेक पयल्या बाळंतपनाला आलीया. काल दुपारपसून तिलाबी लागलंय. अजून किती थांबू? इषाची खबर दिली की अमीनसाब घोड्यावर बसून येतेत, ह्ये गावात लहान पोराला बी ठावं हाय."

"आणि तो पिंजारी?"

"इष म्हनलं तर घालनारा कुनीतरी लागतुया." मग खाली बघत म्हणाला, "मारा असं म्या म्हनलो न्हाई. नुसतं धरा म्हनलो."

"परक्या माणसाला धरा म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठावं व्हतं," तो म्हणाला.

ओट्याला लागून असलेल्या पाटलाच्या घरातून बाईमाणसाचं कण्हणं ऐकू येत होतं. पाटलाला दोन मुस्कटात द्याव्यात असं मला वाटत होतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हेही डोक्यात येत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटणं फार थकवणारं असतं.

पण केस फुटली म्हणजे काम संपलं असं नव्हतं. नियमाप्रमाणे मी आता बीदरला कळवायचं होतं की खबर खोटी, प्रकार रोगाचा, कागद आरोग्य खात्याकडे वर्ग व्हावेत. तसं कळवलं असतं तर कागद वर्ग झालेच असते. पुन्हा पायऱ्या चढले असते. मी ओट्यावर बसून तारेचा मजकूर तीनदा खोडला. शेवटी लिहिलं ते असं, की संशयास्पद मृत्यू आहेत, एक माणूस जमावाने जबर जखमी केला आहे, जमाव भडकलेला आहे, प्रेतांच्या आणि आजाऱ्यांच्या तपासणीसाठी वैद्यकीय अधिकारी औषधं घेऊन ताबडतोब हवेत. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आमच्या मद्रासी साहेबांनी तार वाचली आणि कलेक्टरांच्या बंगल्यावर स्वतः गेले, असं नंतर कळलं. तंटाबखेडा म्हटलं की त्या दिवसांत सगळ्या खात्यांच्या घड्याळांना एकदम चावी बसायची.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आत पोलिसांची लॉरी आली. आत डॉक्टर, कंपाउंडर, मिठाच्या पाण्याच्या बाटल्या, लशीच्या पेट्या आणि विहिरीत टाकायची लाल दवा. म्हणजे हे सगळं बीदरमध्ये होतंच. डॉक्टरांनी पिंजाऱ्याच्या बायकोला एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हा विषप्रयोग नाही."

"मला ठाऊक आहे. आधी औषध काढा, अहवाल मागून लिहा."

त्यांनी बाह्या सरसावल्या. भला माणूस होता. शाळेच्या खोलीत बाजा टाकून त्याने इस्पितळ उभं केलं आणि जवानांना कंपाउंडर बनवलं. पाटलाची लेक आणि पिंजाऱ्याची बायको शेजारी शेजारी पडल्या होत्या, दोघींच्या दंडात सुया. दोघी वाचल्या. इतर काही वाचले नाहीत, त्यांना फार उशीर झाला होता. पिंजाऱ्याच्या हाताची तीन बोटं मात्र डॉक्टरांना कापावी लागली.

मी पाटलावर खोट्या खबरीचा गुन्हा दाखल केला आणि हात ठेचणाऱ्या दोघांना अटक केली. गाव माझ्यावर नाराज झालं. गावाच्या मते पाटलाने गाव वाचवलं होतं, आणि ते खरंही होतं. पिंजाऱ्याचा सविस्तर जबाब घ्यायला मी शाळेत गेलो तेव्हा तो बायकोच्या पायथ्याशी बसला होता. मला वाटलं, बायको वाचली म्हणून हा आता माफी देऊन मोकळा होईल. माणूस थकला की माफ करतो, असं मी खूपदा पाहिलं आहे.

"लिवा, साब," तो म्हणाला. "पाटील झूट बोलला. माझा हात गेला. म्या सोडनार न्हाई त्येला." बायकोकडे बघून म्हणाला, "आनि ह्येबी लिवा, की झूट बोलला म्हनून डाक्टर आला. माझी बाई वाचली. दोन्ही लिवा."

मी दोन्ही लिहिलं. तालुक्याच्या कोर्टात दुसरं वाक्य गैरलागू म्हणून वगळलं गेलं. पाटलाची पाटीलकी गेली, त्या दोघांना कैद झाली. पिंजारी बायकोला घेऊन गेला तो पुन्हा आमच्या भागात दिसला नाही. एका हाताने कापूस पिंजता येत नाही.

मी माझ्या परीने एक अर्ज वर पाठवला. रोगाची खबर पाटलाने ठाण्याला द्यावी, ठाण्याने ती तारेने बीदरला द्यावी आणि डॉक्टरने आधी निघावं, कागद मागून यावेत, एवढंच त्यात होतं. साहेबांनी शिफारस केली. अर्ज हैदराबादला गेला, तहसीलदारांच्या अभिप्रायासाठी खाली आला, पुन्हा वर गेला. छप्पन साली राज्याचेच तुकडे झाले, तेव्हा तो कोणत्या राज्याच्या वाट्याला गेला हे मला कळलं नाही. एक परिपत्रक मात्र लवकर आलं: विषप्रयोगाच्या खोट्या खबरी देणाऱ्यांवर कडक कारवाई करावी.

या केसने काय शिकवलं, असं मला विचाराल तर मोठं काही नाही. संकटात लोक सरकारकडे बघतात आणि त्याच्या कोणत्या दाराला कडी नाही ते शोधून काढतात. त्या दारातून आत यायला जे लागतं ते घेऊन येतात. आमच्या दारातून यायचं तर आरोपी लागायचा.

पुढच्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका गावचा माणूस ठाण्यात धावत आला. विहिरीत विष घातलंय, माणसं उलट्या करायलीत, म्हणाला. मी जमादाराला आधी डॉक्टरांसाठी तार करायला सांगितलं, नंतर घोडा काढायला. कधी घातलं, कसं घातलं, काही विचारलं नाही.

एवढंच विचारलं, "कुणाला बांधलंय?"